मच्छरदाणीचे चार खिळे : आपल्या घरातले अनुभव लिहावेत

वैनगंगाकाठ :

गेल्या आठवड्यात घराचे रंगकाम चालू असताना रंगाऱ्याने झोपण्याच्या खोलीतले चार मोठे खिळे दाखवून विचारले, "ताई, हे उपटून लांबी भरू का?" मी इतक्या घाईने नको म्हणाले की तोही क्षणभर थांबला. तेव्हापासून १९८४ सालचा गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचा पावसाळा मनातून हलत नाही, म्हणून लिहिते आहे.

वडील वनखात्यात होते. घरात एकच मच्छरदाणी होती आणि ती आई व तान्ह्या बहिणीच्या पलंगावर लागत असे. आम्ही तिघे भावंडे शेजारीच जमिनीवर झोपत असू. जुलैमध्ये सहा वर्षांच्या धाकट्या भावाला हुडहुडी भरून ताप आला. पावसात भिजल्याचा ताप असेल असे समजून आम्ही दोन दिवस वाट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला झटके येऊन त्याची शुद्ध हरपली. वाटेतल्या नाल्याला पूर असल्यामुळे जीप तीन तास अलीकडेच उभी होती. मेंदूपर्यंत गेलेला हिवताप होता. सलाइनमधून क्विनीन दिले गेले आणि चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडून पाणी मागितले.

भाऊ घरी आला त्याच आठवड्यात वडिलांनी दुसरी मच्छरदाणी आणून भिंतीत चार खिळे ठोकले. पुढे बदलीच्या प्रत्येक घरात सामान उतरले की आधी हे खिळे ठोकले जात. दिवेलागणीनंतर आई कंदील घेऊन येई, आम्हाला आत घेई आणि चारही बाजूंनी जाळी गादीखाली खोचत एक पूर्ण फेरी मारी. रात्री कोणी पाणी प्यायला उठले तर परत आल्यावर तिला हाक मारून खोचून घ्यावे लागे. मच्छरदाणी घरात असणे आणि ती रोज रात्री खोचली जाणे यांत किती अंतर आहे, हे मला तिच्यामुळे कळले. आपल्या घरी हे काम कोण करत असे?

दर्यासारंग :

आमच्याकडे रायगड जिल्ह्यात हे काम आजीचे होते. मच्छरदाणी जाड सुती कापडाची होती, वारा आत येत नसे आणि मे महिन्यात त्यात झोपणे ही शिक्षाच वाटे. आजी दर गणपतीच्या आधी ती उन्हाकडे धरून भोके शोधत असे आणि सुईदोऱ्याने एकेक भोक बुजवत असे. दृष्टी अधू झाल्यावर तिने ते काम मला शिकवले. ताई, भावाचे वाचून अंगावर काटा आला. ते आता बरे आहेत ना?

वैनगंगाकाठ :

हो, तो नागपुरात आहे आणि त्याला दोन मुली आहेत. त्या आजारातले त्याला काहीही आठवत नाही. जीपच्या टपावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मात्र आठवतो, असे तो म्हणतो.

मोहफूल :

मी गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कीटकनाशकाचा अंश धाग्यातच असलेल्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या आम्ही दोन माणसांमागे एक या हिशेबाने वाटल्या. काही महिन्यांनी पाहणीला गेले तेव्हा कित्येक घरांत त्या पेटीत घडी करून ठेवलेल्या दिसल्या. सुरुवातीला मी रागावत असे. एका आजीने मला शांतपणे सांगितले की एवढी नवी कोरी वस्तू रोज मातीच्या जमिनीवर कशी पसरायची, ती पाहुण्यांसाठी ठेवली आहे. त्या दिवसानंतर मी रागावणे सोडले आणि प्रत्येक घरात स्वतः बसून एकदा मच्छरदाणी बांधून देऊ लागले. छप्पर उतरते, भिंती कुडाच्या आणि खिळा धरत नाही अशा घरात ती नुसती देऊन काही होत नाही. वाशाला दोरी कशी बांधायची, चुलीपासून किती दूर ठेवायची, हे घरच्या माणसाबरोबर बसूनच ठरवावे लागते.

धुण्याचीही गोष्ट आहे. ही मच्छरदाणी सुमारे २० धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षांपर्यंत उपयोगी पडावी अशा बेताने बनवलेली असते. नदीवर नेऊन दगडावर आपटली, कडक साबण लावला आणि उन्हात वाळवली की औषध लवकर उतरते, आणि ते पाण्यात गेल्यास माशांनाही अपाय होतो. त्यामुळे घरीच बादलीत साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. नवी असेल तर पाकिटातून काढून एक दिवस सावलीत टांगून ठेवावी, नाहीतर पहिल्या रात्री डोळे चुरचुरतात आणि मग लोक ती कायमचीच बाजूला ठेवतात.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र घराबाहेरच्या रात्रींचा होता. पीक हाती येण्याच्या दिवसांत माणसे जागलीसाठी शेतातल्या मचाणावर झोपतात, उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्त्याला जंगलात जातात, आणि मच्छरदाणी घरीच राहते. हिवतापाचा डास रात्री चावतो. आम्ही मग जागलीला जाणाऱ्यांना ती विळ्याकोयत्याबरोबर बांधून न्यायला सांगू लागलो. ज्यांनी ऐकले त्यांच्या घरातल्या रक्तनमुन्यांत पुढे क्वचितच हिवताप निघाला, असे माझे स्वतःचे निरीक्षण आहे.

चाफा_३ :

मोहफूलताई, माझे बाळ पाच महिन्यांचे आहे आणि ते जाळी हातात धरून तोंडात घालते. औषधी मच्छरदाणी त्याला चालेल का? सासूबाई नको म्हणतात.

मोहफूल :

चालेल. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुले यांना हिवतापाचा धोका सर्वांत जास्त असल्यामुळे या मच्छरदाण्या आधी त्यांनाच दिल्या जातात, आणि धाग्यातले औषधाचे प्रमाण तो विचार करूनच ठरवलेले असते. तरीही बाळाला जाळी चघळू देऊ नये. ती ताणून बांधावी म्हणजे त्याच्या हाताला लागणार नाही. सासूबाईंना एकदा आशाताईंशी (आशा आरोग्य स्वयंसेविकेशी) बोलायला सांगा, घरच्या सुनेपेक्षा त्यांचे शब्द लवकर पटतील.

गिरणगाव :

हिवताप म्हटले की सगळे जंगलाकडे बोट दाखवतात, म्हणून मुंबईचे लिहितो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपत. आई एक टोक कपाटाच्या कडीला, दुसरे खिडकीच्या गजाला आणि उरलेली दोन शिवणयंत्राला व दाराच्या कडीला बांधत असे. त्यामुळे रात्री दार उघडायचे झाले की सगळी मच्छरदाणी खाली यायची. शहरातला अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास गटारात नाही, तर स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आमच्या शेजारी इमारतीचे बांधकाम चालू होते, तिथे पाणी साठलेले असे आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण फुटलेले होते. त्या वर्षी चाळीत घरटी एक रुग्ण होता.

बहिणीचा अनुभव मुद्दाम सांगतो. तिला व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप झाला, ताप उतरला आणि तिने १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या पाचव्या दिवशी बंद केल्या. अडीच महिन्यांनी ताप पुन्हा आला. नवा डास चावला असेल असे आम्हाला वाटले, पण हे परोपजीवी यकृतात दडून बसतात आणि डास न चावताही पुन्हा उठतात, असे डॉक्टरांनी समजावले. दुसऱ्या खेपेला आईने रोज समोर उभे राहून गोळी दिली. आजारी माणसाला मच्छरदाणीतच झोपवायचे, म्हणजे त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावणार नाही, हेही तेव्हाच कळले.

पानगळ :

माझी मोठी बहीण १९९७ साली गेली. ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती, तिथे मच्छरदाण्या नव्हत्या, आणि आम्हाला निरोप उशिरा मिळाला. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही, पण या धाग्यावर तिची नोंद असावी असे वाटले.

वैनगंगाकाठ :

पानगळ, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केले. आम्ही ज्या तीन तासांत नाल्याकाठी उभे होतो, तेवढ्याच अंतराने आमची गोष्ट वेगळी झाली. तुमच्या बहिणीची आठवण आमच्याकडेही राहील.

गेरू :

माझे वय ७७ आहे. आमच्या लहानपणी सोलापूर जिल्ह्यात डीडीटी फवारणारी माणसे पाठीवर पंप घेऊन येत आणि फवारून झाले की भिंतीवर तारीख लिहून जात. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ साली तो निर्मूलनाचा कार्यक्रम झाला. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातली रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली होती. हिवताप संपला असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. आईने मच्छरदाणी फाडून तिची गाळणी आणि धान्यावरची झाकणे शिवली, मला ते स्पष्ट आठवते. नंतर डास डीडीटीला दाद देईनासे झाले, फवारणी ढिली पडली आणि १९७६ साली देशात ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्यांत माझे वडील होते. रुग्ण कमी झाले की मच्छरदाणी माळ्यावर टाकण्याची घाई कोणी करू नये, असे मी नातवंडांना आजही सांगतो.

किलिमांजारो :

आम्ही नऊ वर्षे टांझानियात, दार-ए-सलाममध्ये राहतो. इथे मच्छरदाणीला चांदारुआ म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मला आपला मखरावरचा चांदवा आठवतो. मी गरोदर असताना पहिल्याच तपासणीच्या वेळी परिचारिकेने औषधी मच्छरदाणी हातात ठेवली आणि ती कोणत्या पलंगावर, कशी बांधणार हे माझ्याकडून वदवून घेतले. ती याच देशात, अरुशाच्या कारखान्यात विणलेली होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी दोन मुले तापात गमावली आहेत. माझी मच्छरदाणी एका बाजूने सुटलेली दिसली तर त्या हातातला केर टाकून आधी ती खोचतात.

चाफा_३ :

सासूबाईंनी वरचे सगळे वाचले आणि आज संध्याकाळी स्वतःच बाजारात निघाल्या आहेत. घेताना नेमके काय पाहावे, हे कोणी लगेच सांगेल का?

मोहफूल :

जाळीच्या एका चौरस इंचात किमान १५६ छिद्रे असावीत, त्याहून विरळ घेऊ नये. लांबीरुंदी पलंगाची नाही तर गादीखाली चारही बाजूंनी वीतभर खोचता येईल अशी पाहावी, नाहीतर कडा लोंबत राहतात. बाळ कडेला लोळत जाते आणि अंग जाळीला टेकले की साध्या जाळीतून डास बाहेरूनही चावतो, म्हणून ऐसपैस घ्यावी. आशाताईंकडे सरकारी वाटपातली शिल्लक आहे का, तेही आधी विचारावे.