नऊ वॅटचे दोन बल्ब, किमतीत एवढा फरक का?

मिरजकरीण: नव्या घरात सगळीकडे ९ वॅटचे पिनचे एलईडी बल्ब लावायचेत. दुकानात एक ११० रुपयांना, बॉक्सवर तारे असलेला. दुसरा सुटा, ४० रुपयांना. दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्ही नऊचेच. बिल सारखंच येणार, ताऱ्यांचे पैसे कशाला देता?" खरंय का?

जुना वायरमन: ताई, बिलाचं तो बरोबर बोलला. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिट होत नाही. जुना साठचा पिवळा तेवढ्यात नऊ युनिटं खायचा.

पण तारे मिळतात ते एका वॅटमागे उजेड किती, यावर. बॉक्सवर ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, शोधा. ९०० असेल तर वॅटमागे १०० पडले. सुट्यावर हा आकडाच नसतो. तो साडेसहाशेचा निघाला की हॉलमध्ये दोनाच्या जागी तीन लावाल, मग बिल कुठलं सारखं?

एलईडी बल्बवर स्टार लेबल २०१८ पासून सक्तीचं आहे. शिवाय बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. सुट्यावर दोन्ही नाही, मग तो विकायलाच नको. विकतात, ते सोडा.

बंद पडलेला असा बल्ब उघडून बघा. पातळ पत्र्यावर पिवळे दाणे, म्हणजेच एलईडी, त्यातल्या एकावर काळा ठिपका. दाणे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक साखळीसारखे जोडलेले, म्हणून एक गेला की सगळा बल्ब बंद. आमच्यातलेच काही जण त्या दाण्यावर सोल्डरचा थेंब टाकून वीस रुपयांत 'रिपेअर' करून देतात. पेटतो, पण फार दिवस टिकेल याचा भरवसा नाही.

वाकडनाका: ते लेबल कुठल्या काळासाठी लागू आहे, ते त्यावर छापलेलं असतं, तेही बघा. निकष मध्येमध्ये कडक होतात, त्यामुळे जुन्या मालाचे पाच तारे आज तेवढे भरतीलच असं नाही.

मिरजकरीण: आणि जिन्यात? तिथे कोणी वाचत बसणार नाही.

जुना वायरमन: जिन्यात पाच वॅटचा पुष्कळ झाला. पण लेबलवालाच घ्या, शिडी लावून परत परत चढायचं कोणी? आणि पावती मागा. वॉरंटीला तीच लागते, नाहीतर दुकानदार ओळख दाखवत नाही.