रंधा मारण्याआधी बिजागरी बघा
पावसाळ्यात दार लावल्यावर कुलपात किल्ली फिरत नाही, या तक्रारीवर ‘दार पावसाने फुगलंय, कडेला रंधा मारून घ्या’ असा सल्ला कुणी दिला, तो मला घाईचा वाटतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की तेच लाकूड आकसतं आणि फट कायमची राहते. आधी मूठ धरून दार किंचित वर उचला आणि किल्ली फिरवा. फिरली तर कुलूप ठीक आहे, दार खाली बसलंय.

जुळे सोलापुरात आमच्या दाराचं तेच झालं होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू नुसतेच गरगर फिरायचे. भोकात फेव्हिकॉल लावून गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि तेच स्क्रू परत आवळले. बोल्ट सरळ खाचेत जायला लागला. कुलपात खोबरेल तेल मात्र घालू नका हो, आपल्याकडची धूळ त्यात चिकटते. किल्लीला पेन्सिलीचं शिसं चोळा.