मदत हवी आहे: वाचनालयाच्या राउटरची वही नव्याने लिहायची आहे, ती पुन्हा दगा देणार नाही अशी कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं छोटं मराठी वाचनालय आहे. तिथलं नेटवर्क मी दोन वर्षं हौसेने सांभाळते. आधी एक दादा बघायचे. ते पुण्याला गेले तेव्हा एक वही माझ्या हाती देऊन गेले. कुठली वायर कुठे जाते, कुठली फाइल उघडायची, तिच्यात काय लिहायचं, सगळं पायरीपायरीने. इतकी मेहनत फार कमी लोक घेतात.

वही ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चालणाऱ्या प्रणालीच्या १९.०७ आवृत्तीची. दिवाळीत जुना राउटर गेला, नवा आणला, त्यावर २३.०५ घातली आणि वहीबरहुकूम चालले. पहिली ठेच स्विचच्या व्हीलॅनला (एकाच स्विचवर केलेल्या वेगळ्या जाळ्यांना) लागली. २१.०२ पासून बऱ्याच राउटरांवर ती जुनी मांडणी जाऊन डीएसए ही नवी मांडणी आली, पोर्टांची नावंही बदलली. नेटच चालेना, म्हणून शोधलं आणि दुरुस्त केलं.

खरा घात दुसऱ्या ठिकाणी झाला. वाचकांच्या वायफायवरून फक्त पुस्तकसूचीचा सर्व्हर दिसावा, हिशेबाचा संगणक दिसू नये, यासाठी दादांनी आयपीटेबल्सचे (फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कवर कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्याच्या, जुन्या साधनाचे) नियम हाताने लिहिले होते आणि ते 'फायरवॉल डॉट यूजर' या फाइलमध्ये ठेवायचे असं वहीत आहे. मी ठेवले. एकही एरर नाही. तीन आठवड्यांनी एका वाचकाच्या फोनवर हिशेबाच्या संगणकाचं फोल्डर उघडलेलं दिसलं! २२.०३ पासून फायरवॉल एनएफटेबल्स या नव्या साधनावर गेली आहे. नव्याने घातलेल्या आवृत्तीत ती फाइल कोणी वाचतच नाही. हे बदल त्या त्या आवृत्तीच्या टिपांमध्ये लिहिलेले आहेत, चूक आमच्या वहीची आणि माझी. नुकसान काही झालं नाही, पण वर्गणीदारांचे पत्ते त्या संगणकावर आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता वही नव्याने लिहायची आहे, मराठीत, कारण उद्या मी नसले तर ग्रंथपाल काकूंना वाचता आली पाहिजे. विचारायचंय ते असं:

आवृत्ती बदलली की वही खोटी ठरते. मग प्रत्येक आवृत्तीची वेगळी वही करायची, की एकाच वहीत फरक लिहायचे? ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत विकीची पानं मराठीत आणून ठेवू का? सीसी बाय-एसए ४.० परवान्यामुळे श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून तसं करता येतं, पण मूळ पान बदललं की आपलं भाषांतर मागे पडणारच.

आणि शब्दांचं काय? आमच्या गावाला याचा वारसा आहे. बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' काढून कारभाराच्या शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द दिले होते. म्हणून फायरवॉल, ब्रिज तसेच लिहिताना मन खातं.

प्रतिसाद १ (ठाणे)

ताई, भाषांतर नका करू. विकीचा दुवा द्या आणि वहीत फक्त तुमच्या वाचनालयापुरतं लिहा. वही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात), राउटरच्या कॉन्फिग फाइलींच्या शेजारीच ठेवा. फाइल बदलली की वहीही त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या त्याच नोंदीत, बदलायची. पासवर्ड मात्र तिथे नको. आवृत्त्यांच्या वेगळ्या वह्या नकोत, गिटमध्ये प्रत्येक आवृत्तीला टॅग (नावाची खूण) लावला की त्या तिथेच राहतात. डोक्यावर एक ओळ हवी: कुठल्या राउटरवर, कुठल्या आवृत्तीवर, कोणत्या तारखेला करून पाहिलं.

ही वही सगळ्यांसाठी नेटवर टाकणार असाल तर खरे आयपी पत्ते काढा. आरएफसी ५७३७ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने २०१० साली १९२.०.२.० पासूनचे २५६ पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेत, ते वापरा.

प्रतिसाद २ (नाशिक)

तुमच्या दादांच्या वहीत 'काय करायचं' आहे, 'कशासाठी' आणि 'झालं हे कसं ओळखायचं' नाही. 'वाचकांच्या वायफायवर फोन जोडा, हिशेबाचा संगणक उघडून बघा, उघडता कामा नये' एवढी एक ओळ असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आयपीटेबल्स जाईल, एनएफटेबल्स जाईल, ही ओळ बदलणार नाही. नियम आता एनएफटेबल्स डॉट डी फोल्डरमध्ये जातील, पण त्याआधी बघा, हाताने लिहिण्याची गरजच आहे का? फायरवॉलच्या कॉन्फिगमधला साधा ट्रॅफिक रूल तेच काम करेल, आणि त्याची मांडणी २२.०३ मध्येही तीच राहिली.

शब्दांबाबत: काकूंना पडद्यावर जे दिसतं तेच वहीत हवं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हाताचे नियम काढून ट्रॅफिक रूल केला. प्रत्येक पायरीखाली 'तपासा' अशी ओळ घातली आणि काकूंना जुन्या राउटरवर नाही, खऱ्यावरच बसवलं. मी शेजारी गप्प. चौथ्या पायरीला त्या थांबल्या. मी लिहिलं होतं 'सेव्ह करा', पडद्यावर सेव्ह वेगळं आणि सेव्ह अँड अप्लाय वेगळं. दुरुस्त केलं.

एक राहिलं. काकू म्हणाल्या, "तपासा म्हणतेस, पण तपासल्यावर फोल्डर उघडलंच तर मी काय करू?" तू नसताना, असं त्यांना म्हणायचं होतं. वाचकांचं वायफाय सरळ बंद करायचं असं लिहू, की याहून बरा उपाय कोणी योजला आहे?