आठवडी बाजाराच्या जागेवर व्यापारी संकुल? नव्या नगरसेविकेला सल्ला हवा

प्रभाग_नऊ:
नमस्कार मंडळी. मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. क वर्ग नगरपरिषद, मराठवाडा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्याकडे सगळे एकमेकांचे पाहुणे लागतात.

पहिल्याच सर्वसाधारण सभेत विषय आला, आठवडी बाजाराच्या जागेवर दुमजली व्यापारी संकुल, खाली-वर मिळून चाळीस गाळे. सगळ्यांनी बाकं वाजवली. मी गप्प बसले, कारण बसस्टँडसमोरचं आधीचं संकुल माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याच्या वरच्या मजल्याची निम्मी शटरं कधी उघडलीच नाहीत. एका गाळ्यात कबुतरं आहेत, दुसऱ्यात मांडववाल्याचे बांबू.

माझी आई सोळा वर्षं याच बाजारात पोतं अंथरून गवार-भेंडी विकायची. आज तिथे बसणाऱ्या बायकांपैकी एकही लिलावात बोली लावू शकणार नाही. हे बोलले तर ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, तुम्हाला विकास नको का?" उत्तर सुचलं नाही. पुढच्या सभेत काय बोलू? कायद्याचा आधार असेल तर सांगा, नुसत्या भावनेवर तिथे काही चालत नाही.

निवृत्त_करनिरीक्षक:
ताई, नगरपरिषदेत ३१ वर्षं काढली, त्यातली अकरा बाजाराच्या वसुलीत. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी गाळ्यांचं. लिलावात गाळा घेतो तो बहुतेक वेळा आधीच एक दुकान असलेला माणूस. अनामत भरतो आणि पोटभाडेकरू ठेवतो. आपल्या वहीत एक भाडं, प्रत्यक्षात दुसरं, आणि तेही थकतं. मी स्वतः अशा नोटिसा दारावर चिकटवल्या आहेत. वर्षाने गेलो तर जुन्या नोटिशीवर माझीच नवी नोटीस. त्यामुळे "संकुलातून उत्पन्न येईल" असं कोणी म्हटलं की बसस्टँडच्या गाळ्यांची थकबाकी सभेत लेखी मागा. आवाज चढवायची गरज पडणार नाही.

आता कायदा. २०१४ चा पथविक्रेता कायदा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. त्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. अध्यक्ष मुख्याधिकारी, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांमधून निवडून दिलेले, आणि त्यात एक तृतीयांश बायका. पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. तुमचं गाव तीस हजारांचं धरलं तर साडेसातशे माणसं झाली. चाळीस गाळे कुठे आणि साडेसातशे कुठे! सभेत एवढंच विचारा: समिती कधी बसली, सर्वेक्षणाची यादी कुठे आहे?

आता आमची एक चूक सांगतो. आम्हीही एकदा ओटे बांधले. सिमेंटचे, वर पत्रा, उद्घाटनाला बँड. पण मुख्य रस्त्यापासून दोनशे पावलं आत. पंधरा दिवसांत सगळ्या बायका पुन्हा रस्त्यावर. आम्ही त्यांनाच दोष देत होतो, "यांना शिस्त नको." मग एका म्हातारीने सांगितलं, "साहेब, गिऱ्हाईक मोटरसायकलवरून खाली उतरत नाही. एक पाय टेकवून कोथिंबिरीची जुडी घेतं आणि जातं. ते तुमच्या ओट्यापर्यंत कशाला येईल?" शिवाय ओटा कमरेइतका उंच. गुडघे दुखणाऱ्या बाईने चढायचं कसं? नकाशा काढताना तिला विचारलं असतं तर तो खर्च वाचला असता. पुढे त्या ओट्यांवर दुपारी पत्ते चालायचे.

वस्तीताई:
मी समुदाय संघटक, बचत गटांचं काम बघते. काकांच्या बोलण्यात एकच भर. जागेइतकाच भांडवलाचा प्रश्न आहे. आमच्या बाजारात पहाटे ९०० रुपये हातात घ्यायचे आणि संध्याकाळी १००० परत करायचे, असा व्यवहार रोज चालतो. पंतप्रधान स्वनिधी या पथविक्रेत्यांच्या कर्ज योजनेत पहिलं कर्ज आधी १०,००० होतं, ऑगस्ट २०२५ च्या निर्णयाने १५,००० झालं. वेळेवर फेडलं की दुसरं २५,०००, तिसरं ५०,०००, आणि व्याजात ७ टक्के अनुदान.

अडतं कुठे, तर ओळखपत्रावर. सर्वेक्षणात सुटलेल्या किंवा आजूबाजूच्या खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या बाईला नगरपरिषद शिफारस पत्र देऊ शकते. हे पत्र तुमच्या कार्यालयातून निघतं, त्याला मुंबईची परवानगी लागत नाही. नगरसेविका म्हणून तुम्ही हे उद्यापासून करू शकता. बाजाराच्या दिवशी कर्मचारी, टेबल आणि लॅपटॉप तिथेच नेऊन बसवा. कार्यालयात या म्हटलं तर ती येणार नाही, तिचा त्या दिवसाचा धंदा बुडतो.

मेनरोड_कापडवाला:
सगळे हातगाडीवाल्यांचंच बोलताय. घरपट्टी आम्ही भरतो, आणि आमच्याच दुकानाच्या पायरीवर केळ्यांची गाडी. आमची बाजू कोण मांडणार?

निवृत्त_करनिरीक्षक:
शेठ, तक्रार खरी आहे. त्यासाठीच विक्री क्षेत्र आखून रेघा मारायच्या. पण बाजाराचा दिवस बंद झाला की तुमचा गल्ला किती भरतो, तेही मनाशी मोजा. खेड्यातली बाई मेथी विकून आलेल्या पैशातूनच तुमच्याकडे परकर घेते.

मेनरोड_कापडवाला:
ते खरंय म्हणा. पण केळीवाल्याला पायरी सोडायला सांगा.

छत्तीसगडकर_मराठी:
मी नोकरीनिमित्त सरगुज्याकडे असतो. अंबिकापूर हे जेमतेम सव्वा लाखाचं शहर. तिथे २०१५ पासून घरोघरचा कचरा बचत गटांच्या बायका गोळा करतात, केंद्रावर बसून प्रकार वेगळे करतात. घरोघरचं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, यातून साडेचारशेच्या आसपास बायकांना काम मिळालं. जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग झाली. रोजगार म्हणजे गाळाच, असं काही नाही. बाजारातला ओला कचरा उचलायचं काम ठेकेदाराऐवजी गटाला देता येईल का, बघा.

वस्तीताई:
आणि पैसा नाही म्हणाले तर पंधराव्या वित्त आयोगाचं, म्हणजे केंद्राकडून आलेल्या २०२१-२६ च्या अनुदानाचं विचारा. त्या अनुदानातला ६० टक्के निधी पाणी, स्वच्छता, घनकचरा यांच्यासाठीच राखून ठेवलेला होता. शिल्लक असेल तर बाजारातली मुतारी, पिण्याचा नळ, कचऱ्याचा खड्डा त्यात बसतात का, हे लेखापालाला विचारा. त्यासाठी संकुलाची वाट बघायची गरज नाही.

प्रभाग_नऊ:
सगळ्यांचे आभार. थकबाकी आणि समितीच्या बैठका, दोन्हींची माहिती लेखी मागितली आहे. बाबू म्हणाले, "समितीचं रजिस्टर शोधावं लागेल."

काल बाजार होता. आईला बरोबर घेऊन पहाटे पाचला गेले. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत एका बाजूच्या बायका मोजल्या, ६३ झाल्या. त्यातल्या बऱ्याच जणी पहाटे तीनला घरून निघालेल्या. दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे? शौचालय आहे, नवं कोरं, भिंतीवर स्वच्छतेचं चित्रही आहे, पण दाराला कुलूप. किल्ली आरोग्य विभागाकडे, आरोग्य विभाग म्हणतो ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

संकुलाचा विषय पुढच्या सभेत आहे. त्याआधी सोमवारी मी त्या किल्लीच्या मागे लागते.