पंचायतीची खरेदी: आजचा दर बघायचा की दहा वर्षांचा खर्च?

मलप्रभाकाठ:
आमच्या पंचायतीनं सगळ्यात कमी दराचे दिवे घेतले. दोन पावसाळे झाले, निम्मे खांब अंधारात. जुन्या दिव्यांचा ढीग शाळेमागं पडलाय आणि आता परत खरेदी. ह्याला स्वस्त म्हणायचं काय? दराबरोबर वीजबिल, दुरुस्ती आणि शेवटी त्या कचऱ्याचं काय होणार, हे सगळं धरून टेंडर काढा. केंद्रानं २०१३ सालीच आपल्या खात्यांना सांगितलंय, पंखे, एसी, फ्रिज वीजबचतीच्या ठरावीक स्टारच्या खालचे घ्यायचे नाहीत. पंचायतीनं का करू नये?

निपाणी नाका:
बोलायला सोपं आहे ओ. मी पंधरा वर्षं सरकारी खात्यांना माल पुरवतोय. ऑडिटवाला एकच विचारतो, कमी दराचं टेंडर का सोडलं? पीडीओ, म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी, कशाला गळ्यात घेईल? आणि महाग दिवे घेतले की खांब कमी. आमच्या वाडीवर अजून एकही दिवा नाही.

मलप्रभाकाठ:
ऑडिटची भीती खरी आहे. पण अट टेंडरातच लिहिलेली, सगळ्यांना सारखी असली, तर ती पाळणाऱ्यांतला कमी दर घ्यायचा. नियम कुठं मोडला? महागाईचं म्हणाल तर केंद्राच्या उजाला योजनेतला एलईडी बल्ब बघा. २०१४ ला खरेदी ३१० रुपयांनी होती, २०१६ ला ३८ वर आली, कारण मागणी एकगठ्ठा होती. तालुक्यानं मिळून टेंडर काढावं.

खानापूरची ताई:
एकगठ्ठा खरेदीनंच आम्ही मरतो. आमचा महिला संघ सुपारीच्या पानाच्या पत्रावळी करतो. प्लास्टिकच्या ताटांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे, म्हणून धंदा वाढेल वाटलं होतं. पण टेंडरचे कागद कन्नडात, अनामत आधी भरा, बिल सहा महिन्यांनी. बायका तोवर खातील काय? इकोमार्क, म्हणजे पर्यावरणाला चांगल्या मालावरचा सरकारी शिक्का, १९९१ पासून आहे, पण चाचणीचा खर्च आम्ही कुठून आणायचा? पर्यावरणाची अट घाला, पण त्याआधी वेळेत पैसे द्यायची घाला.

निपाणी नाका:
ताईंचं पटलं. लहान उद्योगाची नोंदणी करा, २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांत बिल द्यावं लागतं. दिव्यांचं मात्र मला अजून पटलेलं नाही. आधी वाडीवर उजेड.

मलप्रभाकाठ:
ताई, हे मी धरलंच नव्हतं. दिवे तालुक्यानं घ्यावेत, पत्रावळी गावातल्या गावात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तिथल्या जेवणासाठी आत्तापासून मागणी लावूया. तुमचा संघ दिवसाला किती पत्रावळी करतो?