नवस अर्धा फेडला आणि हात थांबला. काय करू?

श्रीरामपूरची आई

सलाम सगळ्यांना. हे कोणाला तोंडावर विचारायचं धाडस होत नाही, म्हणून इथं लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. नगरला नेलं, बायपास करावी लागली. ते आत होते आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं, पण एक अक्षर लागत नव्हतं. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "प्रभू, यांना घरी आण. रंगी व्याली की त्या वेताचं सगळं दूध तुझं." रंगी म्हणजे आमची मुऱ्हा म्हैस. तेव्हा सात महिन्यांची गाभण होती.

यजमान घरी आले. पोळ्याच्या आसपास रंगी व्याली, पारडी झाली. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, साडेचार हजारांच्या आतबाहेर. पहिली तीन बिलं मी पेंडीचे पैसेसुद्धा न काढता पाकिटात घातली आणि रविवारी दानात टाकली. पाकिटावर नाव लिहिलं नाही.

चौथं बिल आलं त्याच दिवशी मुलीच्या नर्सिंग कॉलेजचा फोन आला. हप्ता ३५,०००, महिनाअखेरपर्यंत. यजमान लोकांच्या रानात ट्रॅक्टर चालवायचे, ते आता बंद आहे. गोळ्यांनाच महिन्याला तीन हजार लागतात. ते बिल मी पिठाच्या डब्यात ठेवलं. पाचवंही तिथंच आहे. नवसाचं यजमानांना माहीत नाही. त्यांना वाटतं, पहिल्यापासूनचे सगळे पैसे फीसाठी साठतायत.

मंगळवारच्या प्रार्थनासभेत एका बहिणीने पवित्र शास्त्रातला प्रेषितांची कृत्ये ५ वाचला, हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचा. जमिनीचे पैसे देताना थोडे मागे ठेवले आणि दोघंही मरून पडली. तिला माझं काहीच ठाऊक नाही. पण माझे हात गार पडले. तेव्हापासून पहाटे धार काढताना रंगीच्या पाठीवर हात ठेवला तरी वाटतं, दुसऱ्याच्या जनावराला हात लावतेय.

फी भरली तर मी देवाचं चोरलं का? आणि सगळं देऊन टाकलं तर पोरीचं वर्ष जाईल. देवावर भरवसा ठेवायचा तो यातलं काय करून?

एक विश्वासी

ताई, उपदेशक ५ वाचा. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. देवाने त्याचा भाग केला, यजमान घरी आले. आता आपला भाग करायला मागेपुढे पाहू नका. दुष्काळात सारफथ गावच्या विधवेकडे मूठभर पीठ होतं, तरी तिने आधी एलीया संदेष्ट्याला भाकर दिली. डब्यातलं पीठ सरलं नाही. फीची सोय तो करील.

निवृत्त शिक्षिका, संगमनेर

बाळा, आधी पाणी पी आणि शांतपणे वाच.

प्रेषित ५ चं चौथं वचन उघड. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो? जमीन विकण्याआधी तुझीच होती ना, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते ना. म्हणजे पैसे राखले म्हणून तो मेला नाही. थोडं राखून "हे सगळंच आहे" असं भासवलं, ते खोटं त्याच्यावर उलटलं. तू देवाला काय भासवलंस? काहीच नाही. त्याच्यासमोर रडतेस, आम्हाला विचारतेस. हनन्याने यातलं काहीच केलं नव्हतं.

आता लेवीय २७:८. हे वचन सभेत फारसं कोणी वाचत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. नवस केलेल्या माणसाची नेमलेलं मोल भरण्याइतकी ऐपत नसेल, तर त्याला याजकापुढे न्यावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. संकटात माणूस हात सैल सोडून बोलतो, हे देवाला माहीत होतं. म्हणून नियमशास्त्रातच त्याने वाट ठेवली. ही पळवाट नाही. तिथं जाऊन उभं राहावं लागतं, आपली ऐपत दुसऱ्या माणसासमोर उघडी करावी लागते.

मार्क ७ सुद्धा वाच. आईबापांना मिळायचं ते "कुर्बान" म्हणून देवाच्या नावाने बाजूला काढणाऱ्यांना प्रभूने चांगलं फटकारलं. तिथं गोष्ट आईबापांची आहे, लेकरांची नाही, हे मान्य. पण देवाचं नाव घेऊन घरच्यांच्या तोंडचं काढलेलं त्याला आवडत नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

आता एक कडू बोलते, रागावू नकोस. देवाशी तू खोटी नाहीस. पण घरात एक माणूस रोज त्या म्हशीपुढं वैरण टाकत असेल आणि त्याला वाटत असेल की पोरीची फी साठतेय. मला वाटतं, तुझी झोप उडाली आहे ती तिथं.

वसईकर

आम्ही कॅथलिक, आमच्याकडची रीत सांगतो. खाजगी नवस पाळणं खरोखर जड झालं तर माणूस आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडे जातो. योग्य कारण असेल तर त्यांना त्यातून मोकळं करण्याचा किंवा त्याऐवजी दुसरं हलकं काही ठरवून देण्याचा अधिकार आहे. चर्चच्या कायद्यातच तसं आहे. माझ्या आईने माझ्या टायफॉइडच्या वेळी वर्षभर दर शनिवारी उपवासाचा नवस केला होता आणि चौथ्या महिन्यात तिला चक्कर यायला लागली. फादरांनी उपवास सोडवला आणि गावातल्या एका आंधळ्या म्हातारीला दर शनिवारी जेवण नेऊन द्यायला सांगितलं. वर्ष संपलं तरी आई नेत राहिली. डबा माझ्या हातात असायचा, सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी. तुमच्या पाळकसाहेबांना भेटा, ताई.

दौंडची ताई

सारफथचं वर कोणी लिहिलंय, ते बरोबरच आहे. पण १ राजे १७ पुरता वाचा. एलीया म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर, मग तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलासाठी कर. त्या घरातलं पोरही जेवलं.

माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. रमाबाई देवावर भिस्त ठेवून शेकडो मुलीबाळींना पोसत होत्या. पण भिस्त म्हणजे बसून राहणं नव्हतं. तिथं शेती होती, विहिरी खणल्या होत्या, विणकाम होतं, तेलघाणा होता, छापखाना होता. मुली छपाईचे खिळे जुळवायच्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं अख्खं बायबल तिथंच छापलं गेलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. एवढा विश्वास असलेल्या बाईने मुलींच्या हाताला धंदा शिकवला, कारण पुढं त्यांना आपल्या पायावर उभं राहायचं होतं. तुमची मुलगी नर्स होणार आहे. ती फी देवाच्या कामाबाहेरची आहे असं मला तरी वाटत नाही.

पण दिलेला शब्द सोडूनही देऊ नका. थोडा का होईना, धरून ठेवा.

श्रीरामपूरची आई

सगळ्यांचे उपकार. संगमनेरच्या बाईंचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

काल संध्याकाळी गोठ्यात सांगितलं. मी धार काढत होते, ते पारडीला धरून उभे होते. सगळं सांगितलं, जिन्यातलंही. ते बराच वेळ बोललेच नाहीत. पारडी ओढ घेत होती, तरी त्यांनी दावं सोडलं नाही. मग म्हणाले, "माझ्या जिवाचा नवस आणि मलाच ठाऊक नाही?" आवाज चढला नव्हता, पण मला फार लागलं. मी माफी मागितली.

रात्री त्यांनीच डेअरीचं कार्ड मागितलं. पेन्सिलीने हिशोब मांडला. पेंड, गोळ्या, फी. मग म्हणाले, महिन्यात तीन बिलं, त्यातलं पहिलं देवाचं, रंगी आटेपर्यंत. पण आपलं आपण ठरवायचं नाही, पाळकसाहेबांना विचारायचं. आज सकाळी आम्ही दोघं गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, लेवीयाचं वचन काढून मोठ्याने वाचलं आणि तेवढंच ठरवून दिलं. वर म्हणाले, कापणीच्या सणाला एक दिवसाचं दूध घेऊन या, लिलावात ठेवू. मग प्रार्थना केली. ऑपरेशननंतर यजमान पहिल्यांदाच माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले. उठताना त्यांना बाकाचा आधार लागला.

फीचे अजून वीसेक हजार कमी पडतात. कॉलेजला दोन हप्त्यांची विनंती करणारा अर्ज मुलीने लिहिलाय, उद्या देईल. बाईंनो, आमच्यासाठी प्रार्थना करा. पुढच्या बिलाचं पाकीट यजमान स्वतः घेऊन जाणार आहेत, देवळापर्यंत आता चालवतं त्यांना.