मदत हवी आहे: मागचा ब्रेक ड्रम तीन मिलिमीटरवर अडकलाय

गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, पावसाळ्यात दोन महिने एकाच जागी उभी होती. आता डावं मागचं चाक फिरवलं की घासल्याचा आवाज येतो, म्हणून लायनर (ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बघायला ड्रम काढायला घेतले. उजवा सहज निघाला. डावा जेमतेम ३ मिमी बाहेर येतो आणि तिथेच अडतो.

जमीन सपाट, सिमेंटची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, वजन जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर मी हात घालत नाही.

हबभोवतीचा (चाक बसतं त्या मधल्या भागाभोवतीचा) गंज तारेच्या ब्रशने काढला, स्प्रे मारून रात्रभर ठेवला, मध्ये फळी धरून हातोडीने सगळीकडून ठोकलं. हँडब्रेक केबलचा नट सैल केला. ड्रमवरच्या आट्यांच्या दोन भोकांत ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळले, तेव्हा कुठे एवढा सरकला. आणखी आवळलं तर ड्रम तडकेल अशी भीती वाटते.

उजव्या ड्रमच्या आत, लायनर घासत नाहीत तिथे, नखाला लागेल अशी कड उरली आहे. डावीकडे लायनर अशाच कडेमागे अडकले असावेत. तापवून बघा असं कृपया सुचवू नका, आत ब्रेक ऑइल आणि रबरी सील आहेत.

ड्रमच्या मागच्या पत्र्याला रबरी बूच असलेलं भोक आहे. त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून नेमकं काय ढकलायचं आणि कुठल्या दिशेला, म्हणजे लायनर आत येतील?